एकवीस मेंढरांचा पंचनामा

आमच्या घरमालकांविरुद्ध मी पहिली तक्रार केली, ती त्यांनीच मला लिहून दिली.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मोरीचा नळ सतत गळायचा. मी खाली गेलो आणि म्हणालो, "काका, नळाचं जरा बघता का?" ते ओट्यावर टाइपरायटर पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अर्ज द्या." मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. मग मुलीच्या वहीचं पान फाडून मी दोन ओळी खरडून नेल्या. त्यांनी चष्मा लावून त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि कागद दोन बोटांत धरून मला परत केला.

"'नळ खूप गळतो, फार त्रास होतो.' ह्याच्यात हाय काय? खूप म्हंजी किती? त्रास कुणाला, कवा? असा अर्ज मी उभ्या उभ्या फेटाळीन. चला वर, दाखवा."

वर येऊन त्यांनी मनगटावरचं घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजलं. बादली किती वेळात भरते ते पाहिलं. मग खाली जाऊन टाइपरायटरला कागद लावला, मधे दोन कार्बन घातले आणि माझ्या वतीनं स्वतःविरुद्ध असा अर्ज ठोकला की तो वाचून मलाच त्या घरमालकाचा संताप आला. मी सही केली. अर्ज घेऊन ते आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मंजूर." संध्याकाळी नळ दुरुस्त झाला.

गल्ली त्यांना मुनशीकाका म्हणायची. मूळचे पाचोडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शेतात मन लागेना म्हणून तरुणपणी शहरात आले आणि कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाच्या हाताखाली राहिले. पुढं तो लिंब, ते टेबल आणि म्हाताऱ्याचे सगळे उर्दू-फारसी शब्द त्यांच्याकडं आले. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची गाऱ्हाणी टाइप केली. हात थरथरायला लागल्यावर टेबल उचलून घरी आणलं, आणि टेबलाच्या मागोमाग अख्खं कोर्टही घरी आलं. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी कायमचा 'अर्जदार' होतो.

किराण्याची यादीही तीन प्रतींत निघायची. एक दुकानदाराला, एक काकूंना, एक दफ्तरी. काकू एकदा यादीत शेंगदाणे सांगायला विसरल्या, तर "दुरुस्ती अर्ज द्या" म्हणाले. काकू म्हणाल्या, "दुरुस्ती तुमची करते मी, या चुलीपाशी." त्या दिवशी शेंगदाणे अर्जाशिवाय आले. कोटाच्या खिशाला त्यांची दोन पेनं असायची. एक चालायचं, दुसरं किती वर्षांपासून वाळलं होतं कुणास ठाऊक. फेकून का देत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "गैरहजर हाय तो. बडतर्फ नाय."

पण त्यांचा खरा जीव होता पंचनाम्यावर. मांजरानं साय खाल्ली की पंचनामा. बोळात कुणाच्या गाडीचा आरसा फुटला की पंचनामा. 'मांजर घटनास्थळी हजर. मिशांस साय. नजर दुसरीकडे.' हा त्यांचा मजकूर मी स्वतः वाचला आहे. त्यात एक नियम होता आणि तो ते प्राणापलीकडं पाळत. पंचनाम्यात मत लिहायचं नाही, दिसतं तेवढंच लिहायचं. 'चोरटं मांजर' असं ते कधी लिहीत नसत, कारण चोर कोण हे कोर्ट ठरवतं. बोलतानाही विशेषण आलं की ते कान टवकारायचे. माझी बायको एकदा म्हणाली, "काकूंचा चहा छान झालाय." मुनशीकाका म्हणाले, "छान म्हंजी? गरम हाय, आलं घातलंय, साखर कमी हाय. एवढं म्हणा." काकू आतून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एकदा छान म्हणले नाय हे. ना चहाला, ना मला."

मला तर त्यांचा हा स्वभाव सुरुवातीला डोक्यात जायचा. दिवसभर वाळूजच्या कारखान्यात साहेबाचं ऐकायचं आणि घरी येऊन थेंब मोजायचे, हे कुणी सांगितलंय? पण आमच्या पारूचं आणि त्यांचं मेतकूट जमलं. पारू माझी मुलगी, तेव्हा पाचवीत होती. तिला सतत काहीतरी बनवायला लागायचं. काड्यापेट्यांचं कपाट, पुठ्ठ्याचं एसटी स्टँड, जुन्या मोज्यांचा घोडा. बनवलेलं सगळं ती खाली ओट्यावर घेऊन जायची आणि मुनशीकाका ते उलटंपालटं करून बघायचे. "घोड्याचे मागचे पाय पुढच्यापेक्षा दोन बोटं आखूड," एवढंच म्हणायचे. पारू वर यायची, पाय उसवायची, पुन्हा शिवायची. कौतुकाचा एक शब्द नाही, तरी ही पोरगी त्यांच्याकडंच का पळते, ते मला कळत नव्हतं. थोडा हेवाही वाटायचा.

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीला पारूनं देखावा करायचं ठरवलं. विषय तिनंच निवडला. आजीची मेंढरं.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचं घराणं मेंढपाळांचं. फर्दापूरच्या पुढं डोंगराच्या अंगाला माझी आई अजून मेंढरं राखते. मी लहानपणी तिच्या मागं काठी घेऊन हिंडलोय. पण शहरात आल्यावर कुणी विचारलं की मी म्हणायचो, "गावाकडं शेती असते." मेंढरांचं नाव काढत नसे. कुणी मला कधी हिणवलं नव्हतं, मीच आपला आधीच सावध होतो. पारूला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती सुट्टीत आजीकडं जायची, कोकरं उराशी धरायची आणि परत आल्यावर महिनाभर त्यांच्याबद्दल बोलायची.

देखावा तिनं असा रचला. मधे पुठ्ठ्याचा डोंगर. दोन बाजूंना सायकलची दोन दातेरी चाकं आडवी बसवलेली, आणि त्यांच्याभोवती दोन-तीन जुन्या चेन जोडून केलेली एक लांब चेन. ते काम चौकातल्या सायकलवाल्यानं करून दिलं. चेनीवर तारेनं बसवलेली मेंढरं. पायडल फिरवलं की कळप डोंगराला वळसा घालून मागं जाणार आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पुढं येणार. मेंढरं एकवीस. त्यात चौदा मोठी, सात कोकरं. सगळ्यांच्या पुढं एक काळी शेळी, कारण आजीच्या कळपातही पुढं शेळीच चालते. आजीनं गावाहून येणाऱ्याच्या हाती पिशवीभर खरी लोकर पाठवली होती. ती मोठ्या मेंढरांना पुरली, कोकरांना आली नाही, म्हणून कोकरांना पारूनं नुसता पांढरा कागद चिकटवला. दीड महिना आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि जेवणातही लोकर यायची.

मंडळाचा अध्यक्ष चौकातला मोबाइल दुरुस्तीवाला तरुण. मनानं बरा, पण घाईचा. तो म्हणाला, "वहिनी, पोरीचा देखावा बसवून टाकू, झकास. लाइट मी देतो."

पहिल्या दिवशी आरती झाली. गल्ली जमली. पारू नवा फ्रॉक घालून पायडलपाशी बसली आणि फिरवायला लागली. शेळी निघाली. तिच्यामागं कोकरं निघाली आणि वळणावरून डोंगरामागं गेली. लोकांनी "अरे वा" केलं. मग पहिलं मोठं मेंढरू वळणावर आलं, अडकलं, तारेवरून उपटलं गेलं आणि आडवं पडलं. पारूला वाटलं जोर कमी पडतोय, तिनं आणखी जोरानं फिरवलं. दुसरं पडलं, तिसरं पडलं. एकामागून एक सगळी मोठी मेंढरं त्या वळणावर येऊन ढिगात पडत गेली, आणि शेवटी खाडकन चेन उतरली. शेळी मात्र मागं काय झालं ह्याची खबरच नसल्यासारखी दुसऱ्या बाजूनं पुढं येऊन उभी होती.

सगळी गल्ली हसली. दुष्टपणानं नाही, पण हसली. कुणीतरी विचारलं, "कुणाची रे मेंढरं ही?" आणि मी मांडवाच्या दिव्याकडं बघायला लागलो. मला लाज वाटली. आणि पोरगी समोर तोंड पाडून बसलेली असताना आपल्याला स्वतःचीच लाज सुचतेय, ह्याची त्याहून जास्त वाटली. तास उलटायच्या आत त्याचा व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर फिरला, त्यावर बें बें असा आवाज घालून. दुसऱ्या दिवशी अध्यक्षानं देखाव्यावर ताडपत्री टाकली आणि पुढं गेल्या वर्षीचा फ्लेक्स लावला. आम्हाला म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, लहान हाय ती. विसरून जाईल."

पारू रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं मेंढरं गोळा करून पोत्यात भरली आणि पोतं जिन्याखाली, केराच्या डब्याला टेकवून ठेवलं. कात्री, डिंक, रंगीत कागद आईला परत केले. मी म्हणालो, "अगं, छान झालं होतं."

"पप्पा, खोटं बोलू नका. घाण झालं होतं. मी आता परत कधी काय बनवणार नाय."

मी म्हणालो, असं कसं, पुढच्या वर्षी आणखी छान करू. ती म्हणाली, "तुम्ही करा." बायकोनं शिरा केला, तिनं तो मुकाट्यानं खाल्ला आणि पुस्तक उघडून बसली. पुस्तकाचं पान उलटत नव्हतं. मला काही सुचेना, तेव्हा माणूस करतो तेच मी केलं. अध्यक्षाला जाऊन झापायचं ठरवलं. त्यानं पारूचं काय भलं होणार होतं, देव जाणे. ज्या पोरीचे हात एक मिनिट गप्प बसत नसत, ती दोन दिवस हात मांडीवर ठेवून बसली होती. ते मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. गाणं वाजायला लागलं तशी पारू उठली, जिना उतरली आणि पोतं ओढत बोळात गेली. मी मागून धावलो. गाडीवरच्या मावशींनी पोत्याला हात घातला, आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"थांबा. तो मुद्देमाल हाय."

मुनशीकाका बनियनवर कोट चढवून गाडीसमोर येऊन उभे राहिले.

"पंचनामा झाल्याबिगर मुद्देमाल हलवता येत नाय. गाडी बंद करा."

मावशी म्हणाल्या, "काका, मला अजून दोन गल्ल्या हायेत."

"दहा मिनिटं. तुम्ही पंच क्रमांक एक. काकू, पंचाला चहा." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. अध्यक्ष तोंडात ब्रश घालून दारात उभा होता. "आणि हा पंच क्रमांक दोन. चूळ भरून ये."

मी पुढं झालो. म्हणालो, "काका, मी आहे ना. मी होतो पंच."

"तुम्ही बाजूला व्हा, अर्जदार. तुम्ही हितसंबंधी इसम."

"मी बाप आहे तिचा."

"तेच म्हणतोय मी."

टाइपरायटर ओट्यावर आला. कागद, कार्बन, कागद, कार्बन, कागद. पारू खाली मान घालून उभी होती. मुनशीकाकांनी दोन बोटं कळांवर ठेवली आणि विचारलं, "काय झालं ते सांगा, पारूबाई."

"घाण झालं."

"ते मत हाय. मत कोर्ट देतंय. तू काय पायलंस?"

"मेंढरं पडली."

"किती?"

"सगळी."

त्यांनी बोटं उचलली. "मोज."

पारूनं नाइलाजानं पोतं उलटं केलं आणि मेंढरं ओट्यावर मांडली. तारेवरून पडलेली एका बाजूला, तारेसकट निघालेली दुसऱ्या बाजूला. मावशी वाकून मोजायला लागल्या. अध्यक्षही उकिडवा बसला.

"चौदा पडली," पारू म्हणाली. "सात तारेवरच हायेत. आणि शेळी."

"मग सगळी पडली असं कसं ल्याहू मी? खोटा पंचनामा करायला लावती का मला?" त्यांनी ठोकलं. 'एकवीस मेंढरांपैकी चौदा पडलेली. सात, व शेळी एक, जागेवर शाबूत.' "आता पडलेलं एक-एक उचल. काय दिसतं ते सांग. कसं दिसतं ते नको."

पहिलं मेंढरू तिनं कंटाळून उचललं. पाय वाकलेले, शेपूट नाही. दुसरं उचललं, तार निसटलेली. तिसऱ्याला तिनं उलटं केलं आणि थांबली. मग पहिलं पुन्हा उचलून उलटं केलं. मग पाचवं, मग सहावं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे हात भराभर चालायला लागले.

"काका, ह्यांच्या पोटाला काळं लागलंय. सगळ्यांच्या."

"काळं काय?"

तिनं वास घेतला. "चेनीचं ग्रीस."

"उभ्या राह्यलेल्यांना?"

तिनं कोकरं उलटी केली. "नाय. ह्यांना लोकरच नाय. कागद हाय."

मावशींनी एका मेंढराच्या पोटाखालची लोकर बोटानं ओढली. "दोन बोटं लांब हाय की ही. चाकात गुतली आसंल." अध्यक्षानं ताडपत्रीखाली जाऊन दातेरी चाक पाहिलं आणि तिथून ओरडून सांगितलं, की दात्यांत लोकर भरली आहे. टाइपरायटर खडखडत राहिला. 'पडलेल्या चौदांच्या पोटाखालील लोकर दोन बोटे लांब, ग्रीसने काळी. चाकाच्या दात्यांत तशीच लोकर.'

"मग आता काय करायचं?" पारूनं विचारलं.

"उपाय पंचनाम्यात येत नाय," मुनशीकाका म्हणाले आणि दोन्ही पंचांपुढं कागद सरकवला. मावशींनी मराठीत पूर्ण सही केली, अध्यक्षानं इंग्रजीत एक वेलांटी काढली. घंटागाडी पोत्याशिवाय पुढं गेली.

पारूनं माझ्याकडं हात पसरला. "पप्पा, फोन द्या. आजीला लावायचाय."

आई रानात होती. मागं खऱ्या मेंढरांचा कालवा चालला होता. पारूनं सगळं सांगितलं, पंचनाम्यात आलं तसं, शब्दाला शब्द. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कातरली व्हती का गं मेंढरं?"

"नाय."

"मग? बिगर कातरलेलं मेंढरू काट्यात गुततंय. तुझं चाकात गुतलं. कातर की. पोटाखालून कातर, पाठीला ऱ्हाऊ दे, शोभंसाठी."

पारू सुट्टीत जायची ते कातरणीच्या आधीचे दिवस. तिनं मेंढरं पाहिली तशी केली होती, लोकरीनं भरलेली. आणि मी? मी कातरणीत मेंढरांचे पाय धरून वाढलेला माणूस. दीड महिना ती मेंढरं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि माझ्या ध्यानात आलं नाही. आपण मेंढरांतले आहोत हे मी इतकी वर्षं लपवलं, की शेवटी मलाच ते आठवेनासं झालं होतं.

मेंढरं कातरली की पुन्हा देखावा लावायचा, असं पारूनं जाहीर केलं. अध्यक्ष डोकं खाजवत म्हणाला, "पण आता फ्लेक्स लागलाय ना." मुनशीकाका म्हणाले, "अर्ज येईल तुझ्याकडं." मग पारूला म्हणाले, "तूच ल्याही. मी टाइप करतो."

ती जिन्यात बसून लिहीत होती, मी वरून बघत होतो. बराच वेळ लागला. तिनं कागद नेऊन दिला. मुनशीकाकांनी चष्मा लावला, चालणारं पेन काढलं, टोपण उघडलं. त्यांच्या हाती आलेला कागद कापाकापीशिवाय सुटल्याचं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. त्यात एवढंच होतं:

'सात कोकरं आणि शेळी चालली. चौदा मेंढरं कातरायची राहिली होती म्हणून पडली. मी ती कातरते. मला एक संध्याकाळ मिळावी.'

त्यांनी टोपण परत लावलं.

"पन्नास वरसं अर्ज ल्याह्यले मी," ते मला म्हणाले. "हा पयला, ज्याच्यात एक शब्द कापता येईना." आणि जसाच्या तसा टाइप केला.

पाचवी संध्याकाळ मिळाली. पंचनाम्याखाली स्वतःची वेलांटी असल्यावर अध्यक्षाला नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय त्या वेळी ताडपत्रीखाली सगळ्यांत आधी तोच शिरला होता. आपणच खोड शोधली असं तो लोकांना सांगतही होता. कातरणी ओट्यावरच झाली. गल्लीतली पोरं मेंढरं धरायला बसली, पारू नखं कापायच्या कात्रीनं पोटाखालची लोकर काढत होती, आणि काकू ती लोकर उशीसाठी गोळा करत होत्या.

त्या दिवशी गर्दी पहिल्या दिवसापेक्षा जास्त होती. बाजूच्या गल्ल्यांतूनही लोक आले होते, कारण व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता आणि मेंढरं पुन्हा पडणार अशी त्यांची खात्री होती. दोघा-तिघांनी मोबाइल आधीच वर धरले होते. मी पारूजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "पायडल मी मारू का?"

"नको पप्पा. तुम्ही हितसंबंधी."

मी मागं सरकलो. हिचं पुन्हा तेच झालं तर ही पोरगी कात्रीला जन्मात हात लावणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फ्लेक्स बाजूला झाला, त्याचे दिवे विझले. पारूनं पायडल फिरवलं, हळू, एका लयीत. शेळी निघाली. तिच्यामागं कोकरं वळली. मग पहिलं मोठं मेंढरू वळणावर आलं. ते थोडं हललं, चाकावरून सरकलं आणि डोंगरामागं गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. कुणीतरी मोजायला लागलं, मग सगळी पोरं मोजायला लागली. अकरा, बारा, तेरा. पुढच्या बाजूला शेळी पुन्हा दिसायला लागली तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, "कुणाची हो ही मेंढरं?"

"आमची," मी म्हणालो. "माझी आई राखते. फर्दापूरच्या पुढं." माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण चारजणांनी वळून पाहिलं.

शेवटचा होता मेंढा. मोठी वळलेली शिंगं असलेला, पारूचा लाडका. तो वळणावर आला, त्याचं शिंग डोंगराच्या पुठ्ठ्याला अडकलं, आणि तो आडवा झाला. टाळ्या थांबल्या.

पारूनं पायडल थांबवलं. उठली, मेंढ्याला उचलून उलटंपालटं केलं, शिंगाला बोट लावून पाहिलं. मग सगळ्या गर्दीवरून ओट्याकडं तोंड करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, लिहा. वीस चालली, एक पडलं. शिंग अडकलं. डोंगर उद्या कापते." आणि मेंढा मांडीवर घेऊन पुन्हा पायडल फिरवायला लागली.

गल्लीनं त्या वेळी जो गलका केला तो मी कधी विसरणार नाही. मी रडत होतो आणि हसतही होतो. डोंगर दुसऱ्या दिवशी खरंच कापला गेला. मेंढाही चालला, आणि विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी चालत राहिला. फ्लेक्स कुठं गेला ते कुणी विचारलं नाही.

आता आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात राहतो. पारू नववीत आहे. ती अजून काही ना काही बनवत असते, त्यातलं निम्मं बिघडतं, आणि बिघडलं की ती ते टेबलावर पसरून मोजायला बसते. मुनशीकाका आणि काकू पाचोडला मुलाकडं राहायला गेले. तिथं ते बैलांकडूनही अर्ज घेत असतील, असं माझी बायको म्हणते.

त्या संध्याकाळच्या पंचनाम्याची तिसरी प्रत माझ्याकडं आहे. मुनशीकाकांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर आणून पारूच्या हातात दिली होती. पारूनं मोठ्यानं वाचून दाखवली. 'एकवीसपैकी वीस मेंढरे चालली. एक पडले. कारण, शिंग.' पुढं एक ओळ होती. 'देखावा सुंदर झाला.'

पारू थांबली. तिनं ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली आणि मान वर केली.

"काका, हे मत हाय. पंचनाम्यात मत चालत नाय."

"नाय चालत," मुनशीकाका म्हणाले. चष्मा काढून ते कोटाच्या टोकानं पुसायला लागले. पुसला तरी पुन्हा पुसत राहिले. "म्हणून पंच म्हणून सही नाय केली मी. खाली बघ काय ल्याह्यलंय."

खाली त्यांची सही होती आणि सहीच्या पुढं टाइप केलं होतं, 'हितसंबंधी इसम'.